पहिला क्लाइंबिंग रोप: सह्याद्रीच्या कातळावर टिकणारा, खिशाला झेपणारा

पहिला रोप घ्यायला निघालं की समोर साधारण तीन वस्तू येतात. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा पिळाचा नायलॉन दोर, ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानातला पांढरा स्टॅटिक रोप, आणि त्याच दुकानातला रंगीत, सगळ्यांत महाग डायनॅमिक रोप. लटकून पाहिलं तर तिन्ही माणसाचं वजन आरामात पेलतात, त्यामुळे हात स्वस्तातल्याकडे जातो. पण जिथे माणूस पडू शकतो अशा कुठल्याही चढाईला यांतला तिसराच चालतो. पहिले दोन कितीही जाडजूड दिसले तरी त्यांचं हे काम नाही.

थोडक्यात सांगायचं तर सह्याद्रीत चढणाऱ्या, अधूनमधून बदामीला जाणाऱ्या आणि एरवी शहरातल्या क्लाइंबिंग वॉलवर सराव करणाऱ्या नवख्याने ६० मीटरचा, सिंगल (एकटाच वापरायचा), डायनॅमिक, ९.८ ते १०.२ मिलिमीटर जाडीचा, ड्राय ट्रीटमेंट (पाणी शिरू न देणारं लेपन) नसलेला रोप घ्यावा. यात पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, ते आता एकेक करून पाहू.

पायरी १: रोप आत्ताच हवा आहे का?

बूट, हार्नेस (कंबरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट आणि बिले डिव्हाइस या वस्तू आधी घ्या. बिले म्हणजे चढणाऱ्याचा रोप सांभाळून तो पडला तर त्याला धरणं, आणि ते करणारा तो बिलेअर. त्या तुमच्या मापाच्या लागतात, उसन्या मिळाल्या तरी नीट बसत नाहीत. पहिला मोसम एखाद्या गिर्यारोहण संस्थेबरोबर काढला तर रोप संस्थेचा असतो आणि बिले कसा द्यायचा हे जाणत्या माणसासमोर शिकून होतं. बिले पक्का येत नसेल तर स्वतःचा रोप असून उपयोग नाही. उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या संस्थेचा बेसिक कोर्स करणार असाल तर त्यासाठीही रोप घ्यायचं कारण नाही, तिथे तो संस्थाच देते.

तिघा-चौघांचा ठरलेला गट जमला की मग रोप घ्यावा, आणि वर्गणी काढून घ्यावा. फक्त तो एकाच्याच घरी राहील आणि एका वहीत त्याची नोंद होईल हे पहिल्याच दिवशी ठरवा: तारीख, जागा, किती चढाया, मोठा फॉल झाला का (म्हणजे कुणी जोरात पडलं का), कुठे घासला. वर्षाने रोपची अवस्था ठरवताना आठवणींवर भागत नाही. चौघांकडे फिरलेल्या रोपबाबत "मागच्या रविवारी कडेवर घासला होता" ही गोष्ट तिघांना माहीतच नसते.

पायरी २: डायनॅमिक म्हणजे काय, ते पैसे मोजायच्या आधी समजून घ्या

डायनॅमिक रोप ताणला जातो आणि ताणता ताणता पडणाऱ्या माणसाचा झटका गिळतो. ईएन ८९२ या युरोपीय मानकानुसार सिंगल रोपची चाचणी घेताना ८० किलोचं वजन जवळजवळ ४.८ मीटर खाली पाडतात, आणि तेही फक्त २.८ मीटर रोपवर. पहिल्या फॉलला बसणारा झटका १२ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने १२०० किलो वजनाच्या ओढीपेक्षा, जास्त असता कामा नये. असे किमान पाच फॉल रोपने झेलावे लागतात. प्रत्यक्ष कड्यावर इतका वाईट फॉल क्वचितच होतो.

किती पडलो याला झेलायला किती रोप होता याने भागलं की फॉल फॅक्टर मिळतो. लीड करणारा, म्हणजे रोप खालून वर नेत पुढे चढणारा, ५ मीटरवरच्या बोल्टला (कातळात पक्क्या बसवलेल्या खिळ्याला) क्लिप करून, म्हणजे कॅरॅबिनरने (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने) रोप अडकवून, आणखी २ मीटर वर गेला आणि सुटला, तर तो ४ मीटर पडतो आणि झेलायला ७ मीटर रोप असतो: फॅक्टर ०.५७. हा रोजचा फॉल. पण टप्प्यावर (कड्यात मधेच थांबायच्या जागी) उभ्या असलेल्या बिलेअरच्या वर ३ मीटर गेलेला माणूस मधे काहीच क्लिप न करता सुटला, तर ६ मीटर पडतो आणि रोप फक्त ३ मीटर: फॅक्टर २. याहून वाईट फॉल नाही. म्हणून टप्प्यावरून निघाल्यावर पहिलं क्लिपिंग शक्य तितक्या लवकर करतात.

आता स्टॅटिक रोप पाहा. ईएन १८९१ च्या 'ए' प्रकारातला रोप २२ किलोन्यूटन भार सोसतो, त्यामुळे मजबुतीत तो कमी नाही. पण ५० किलोवरून १५० किलोवर भार नेला तरी तो ५ टक्क्यांहून जास्त ताणला जाऊ नये, असं त्याचं मानकच सांगतं. रॅपलिंग (रोपवरून खाली उतरणं), जुमारिंग (रोपला पकड लावून वर चढणं), व्हॅली क्रॉसिंग, फिक्स्ड रोप या कामांना हाच गुण लागतो. लीड करताना मात्र तोच घात करतो, कारण रोप ताणला जात नसल्याने सगळा झटका पाठीच्या कण्यावर आणि अँकरवर (रोप ज्याला बांधलाय त्या आधारावर) जातो. सह्याद्रीतल्या बऱ्याच गटांकडे स्टॅटिक रोप आधीपासून असतात, म्हणून "आपल्याकडे रोप आहे की" असं म्हणून त्यावरच लीड करण्याची चूक घडते. तुमच्या गटात असं होत असेल तर तिथेच थांबवा.

पिळाच्या नायलॉन दोराला तर यांपैकी कुठलंच मानक नसतं. बंदरात, ट्रकवर, विहिरीवर तो उत्तम.

पायरी ३: लांबी

आपल्याकडे कड्याची उंची फुटांत सांगतात आणि रोप मीटरमध्ये विकला जातो. गफलत इथेच होते. "शंभर फुटी कडा आहे, साठ मीटरचा रोप आहे, म्हणजे निम्मा पुरतो" असा हिशेब पटकन मनात होतो. पण १०० फूट म्हणजे ३०.५ मीटर, आणि ६० मीटरचा निम्मा ३०. त्यात हार्नेसच्या गाठीला जवळपास एक मीटर जातो आणि अँकर कडेपासून आत असेल तर आणखी थोडा. चढणाऱ्याला खाली सोडताना रोपचं टोक बिले डिव्हाइसमधून सुटून जाणं हा जीवघेणा अपघात आहे, आणि तो बहुतेक वेळा अशाच काठावरच्या हिशेबातून होतो. ६० मीटरच्या रोपवर २८ मीटरपर्यंतचे मार्गच घ्या, आणि मार्ग केवढाही असो, बिलेअरकडच्या टोकाला स्टॉपर गाठ मारलेलीच असू द्या.

फक्त क्लाइंबिंग वॉलवर चढणार असाल तर १५ मीटरच्या भिंतीला ४० मीटर पुरतात आणि बराच पैसा वाचतो. पण वर्षभरात कातळावर जायचं मनात असेल तर ४० मीटरचा रोप घेणं म्हणजे दुसऱ्या खरेदीची तयारी.

७० मीटरचा विचार जरूर करा. रोप आधी टोकांकडे झिजतो, मधला भाग बरीच वर्षं ठणठणीत राहतो. ७० मीटरच्या रोपची दोन्ही टोकं तीन-तीन मीटर कापली तरी ६४ उरतात. म्हणजे जादा दहा मीटर हे आयुष्यच विकत घेतलेलं असतं. अडचण वजनाची आहे. मीटरला ६४ ग्रॅमने ६० मीटरचा रोप ३.८ किलो होतो, ७० मीटरचा साडेचार किलोला टेकतो. मुंब्र्याला किंवा बदामीला, जिथे थोडं चालून कातळापाशी पोचता येतं, तिथे हा फरक जाणवत नाही. तैलबैल्याच्या भिंतीपर्यंत किंवा लिंगाण्याच्या पायथ्यापर्यंत तो पाठीवरून न्यायचा असेल तर जाणवतो. तुमचे बहुतेक रविवार कुठे जातात ते बघून ठरवा.

पायरी ४: जाडी आणि शीथ

क्लाइंबिंग रोप कर्नमँटल बनावटीचा असतो: आत पिळलेल्या धाग्यांचा गाभा, म्हणजे कोर, आणि वर विणलेलं कवच, म्हणजे शीथ. एडेलरिड या जर्मन कंपनीने १९५३ मध्ये ही बनावट आणली. भार मुख्यतः कोर घेतो. शीथ घासणं, धूळ, ऊन आणि कड्याच्या धारा स्वतःवर घेते. सिंगल रोप वापरून संपतो तेव्हा बहुतेक वेळा कोर धडधाकट असतो, शीथ गेलेली असते. टिकाऊ रोप शोधणं म्हणजे टिकाऊ शीथ शोधणं.

सह्याद्रीत हे आणखी खरं. आपला बेसॉल्ट थरांचा आहे. थर सुटतो तिथे धार राहते, आणि दगडातल्या पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे, गारेचे स्फटिक भरलेले असतात. हात फिरवला की टोचतात. रोप त्यावरून भार घेऊन मागेपुढे झाला की करवतीखाली ठेवल्यासारखा घासतो. बदामीचा वालुकाश्म धारेला मवाळ, पण त्याची वाळू विणीत शिरते आणि आतून घासते.

नवखे इथे फॉल रेटिंगला भुलतात. "याला ९ फॉल लिहिलंय, त्याला ६, म्हणजे हा जास्त टिकेल" असं वाटतं, पण तसं नाही. तो आकडा चाचणीतले अतिकठोर फॉल किती झेलले ते सांगतो. शीथ घासून किती टिकते याची कसोटी ईएन ८९२ मध्ये नाहीच. त्यामुळे अंदाज आपणच बांधायचा, आणि त्याला एक सोपा हिशेब आहे: मीटरचं वजन गुणिले शीथची टक्केवारी. दोन्ही आकडे माहितीपत्रकात असतात.

९.२ मिमीचा रोप मीटरला ५६ ग्रॅम आणि शीथ ३८ टक्के असेल, तर दर मीटरला शीथ २१ ग्रॅम. ९.८ मिमी, ६४ ग्रॅम, ४० टक्के: साडेपंचवीस ग्रॅम. १०.२ मिमी, ६८ ग्रॅम, ४२ टक्के: साडेअठ्ठावीस. पहिल्या आणि तिसऱ्या रोपमध्ये झिजायला असलेला माल एक तृतीयांशाने वाढला. विणीचा घट्टपणाही महत्त्वाचा आहे. दुकानात शीथ नखाने आडवी ढकलून पाहा. सैल वीण सरकते आणि धाग्यांमध्ये फट दिसते, घट्ट वीण जागची हलत नाही.

मग १०.५ किंवा ११ मिमी का नको? कारण तो बिले डिव्हाइसमधून झटकन सरकत नाही. नवखा बिलेअर लीड करणाऱ्याला वेळेवर रोप देऊ शकत नाही आणि क्लिप करताना त्याला खाली खेचतो. उलट ९.२ चा नवा, गुळगुळीत रोप नवख्या हातातून निसटतो, कारण डिव्हाइसमध्ये त्याला पुरेसं घर्षण मिळत नाही. १० मिमीच्या आसपास दोन्ही साधतं. ग्रीग्री (झटका बसला की रोप अडकवणारं बिले डिव्हाइस) वापरत असाल तर त्यावर छापलेली जाडीची मर्यादा पाहून घ्या.

पायरी ५: टोकावरची पट्टी आणि माहितीपत्रक वाचा

रोपच्या दोन्ही टोकांना पट्टी असते. त्यावर वर्तुळात १ असेल तर सिंगल. वर्तुळात १/२ असेल तर हाफ रोप, आणि एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं असतील तर ट्विन. सेलमध्ये ८.५ मिमीचा रोप फार स्वस्त दिसला तर तो बहुधा हाफ असतो. तो जोडीनेच वापरायचा असतो. एकट्यावर चढायचं नाही. पट्टीवर लांबी, जाडी, ईएन ८९२, सीईची (युरोपीय नियम पाळल्याची) खूण आणि तिच्यापुढे चार आकडी क्रमांक असला पाहिजे. यूआयएएची (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची) खूण असेल तर उत्तमच. पट्टी नाही, कागद नाही, विकणारा फक्त "इंपोर्टेड आहे" म्हणतो, तर तो रोप परत खुंटीला टांगा.

पत्रकातला इम्पॅक्ट फोर्स कमी असेल तर झटका मऊ लागतो. साडेआठ-नऊ किलोन्यूटन ठीक. शीथ स्लिपेज शून्याच्या जवळ असावं, म्हणजे कवच गाभ्यावरून सरकत नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित आकडा स्टॅटिक एलाँगेशनचा, आणि नवख्याला त्याचाच फटका बसतो. ८० किलोचा माणूस नुसता लटकल्यावर रोप किती टक्के वाढतो ते हा आकडा सांगतो. सिंगल रोपला कमाल मर्यादा १० टक्के. समजा २५ मीटरच्या भिंतीवर टॉप रोप लावलाय, म्हणजे रोप वरच्या अँकरमधून ओवून दोन्ही टोकं खाली सोडली आहेत, आणि चढणारा जमिनीपासून दोन मीटरवर आहे. त्याच्यापासून अँकरपर्यंत आणि तिथून बिलेअरपर्यंत मिळून रोप जवळपास ४८ मीटर. ८ टक्क्यांनी तो पावणेचार मीटर ताणला जाऊ शकतो. अँकरच्या घर्षणाने थोडा कमी, तरीही चढणारा अलगद का होईना, जमिनीवर टेकतो. घोटे असेच मुरगळतात. टॉप रोपवर पहिले चार-पाच मीटर रोप तंग ठेवायचा तो याचसाठी. तुमचं काम मुख्यतः टॉप रोपचं असेल तर ६ ते ८ टक्क्यांचा रोप निवडा.

पायरी ६: कशावर पैसे घालू नका

ड्राय ट्रीटमेंट बर्फासाठी आणि पावसाळी हवेसाठी असते. भिजलेला नायलॉन जड होतो आणि झटका सोसायला कमी पडतो, हे खरं आहे. पण सह्याद्रीत जून ते सप्टेंबर कातळावर कोणी चढत नाही आणि मोसमात पाऊस नसतो. शिवाय हे लेपन बेसॉल्टवर घासून लवकर निघून जातं. ते पैसे जाड शीथसाठी वापरा.

दोन रंगांत विणलेला, अर्ध्यावर नक्षी बदलणारा रोप फार सोयीचा असतो पण महाग पडतो. साध्या रोपवर कारखान्यातून आलेली मधोमधची काळी खूण पुरते. ती आहे ना, एवढं मात्र पाहा.

पायरी ७: खरेदी

बील, टेंडन, मॅमट, पेत्झल, एडेलरिड, डेकॅथलॉनचा सिमाँ अशा नावाजलेल्या कंपन्यांपैकी कुणाचाही ईएन ८९२ चा सिंगल रोप सुरक्षिततेत उत्तीर्ण आहे. कंपनीच्या नावावर अडून बसू नका, मीटरच्या भावावर आणि शीथच्या हिशेबावर तुलना करा. किंमत भागिले मीटर, हा भागाकार दुकानातच मोबाइलवर करा.

खरी बचत जुन्या साठ्यात आहे. दोन वर्षांपूर्वी बनलेला, मागच्या मोसमाच्या रंगाचा, पाकीटबंद रोप विक्रेते सवलतीत काढतात, आणि नवखे "जुना माल" म्हणून तो टाळतात. अंधारात, कोरड्या जागी पडून राहिलेला नायलॉन दोन वर्षांत खराब होत नाही. कंपन्या न वापरलेल्या रोपलाही साधारण १० वर्षांची कमाल मर्यादा घालतात. त्यातली आठ तुमच्या हातात राहतात आणि नियमित वापरात शीथ त्याच्या बरीच आधी संपते. निर्मितीचं वर्ष पट्टीवर किंवा पत्रकावर वाचा. पाकीट उन्हात, काचेच्या शोकेसमध्ये टांगलेलं असेल तर मात्र ते नको.

वापरलेला रोप विकत घेऊ नका, ओळखीच्याकडूनही नाही. त्यावर बॅटरीचं ॲसिड सांडलं होतं का, किती मोठे फॉल झाले, हे बघून कळत नाही. हार्नेस आणि स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) यांनाही हेच लागू. कॅरॅबिनर एक वेळ जुने चालतील, कारण त्यांची झीज डोळ्यांना दिसते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून रोप मागवायचा असेल तर त्याच्या सामानातले चार किलो जातील हे आधी सांगा, आणि बिघाड निघाला तर बदलून घ्यायला तो परत पाठवता येणार नाही हे धरून चाला.

हिशेबापुरता आकडा घेऊ. रोप १२,००० रुपयांचा आणि मोसमात २५ दिवस चढाई, असे तीन मोसम तो टिकला, तर ७५ दिवस. दिवसाला १६० रुपये, चौघांत ४०. तोच पातळ शीथचा १०,००० चा रोप ४० दिवसांत गेला तर दिवसाला २५०. दोन हजार कुठे वाचले?

त्याबरोबर एक रोप बॅग किंवा नुसती दीड मीटर चौरस जाड ताडपत्री घ्याच. टिकाऊपणासाठी खर्च केलेला याहून स्वस्त रुपया नाही.

पायरी ८: घरी आणल्यावरचा पहिला अर्धा तास

नवा रोप कारखान्यातून गोल वेटोळ्यात येतो. पाकीट फाडून आतलं टोक ओढलं की प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ पडतो आणि हे पीळ महिनोन्‌महिने जात नाहीत. त्याऐवजी दोघं बसा. एकाने वेटोळं दोन्ही हातांत लोकरीच्या लडीसारखं धरून फिरवायचं, दुसऱ्याने बाहेरचं टोक घेऊन सावकाश सोडवायचं. मग रोप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताडपत्रीवर ढिगासारखा सोडा, हातातून जाताना प्रत्येक फूट चाचपत. हे तीन-चार वेळा करा. लांबी मोजून घ्या आणि वहीत लिहा. नवा रोप पहिल्या काही धुण्यांत थोडा आटतो, म्हणून ही नोंद पुढे लागते.

मधली खूण फिकी वाटली तरी साध्या मार्करने गडद करू नका. त्यातल्या रसायनाने नायलॉन कमजोर होऊ शकतो. रोपसाठीच बनलेली शाई मिळते.

पायरी ९: कातळावर

रोपचं आयुष्य ठरतं ते अँकरच्या जागी. टॉप रोप लावताना अँकर झाडाला किंवा बोल्टला बांधून रोप तसाच कड्याच्या कडेवरून खाली सोडला, तर एका दिवसात शीथ फुलते. अँकर स्टॅटिक रोपने किंवा स्लिंगने कडेच्या खाली हातभर पुढे आणा. दोन लॉकिंग कॅरॅबिनर एकमेकांविरुद्ध तोंडं करून लावा, आणि चढाईचा रोप त्यांतून असा सोडा की तो हवेतून मोकळा फिरेल. कडेवर टेकणाऱ्या स्टॅटिकखाली गोणपाटाची चौपदरी घडी किंवा आगीच्या बंबाच्या जुन्या पाइपचा तुकडा घाला आणि तो सुतळीने वर बांधा, नाहीतर दुसऱ्या चढाईपर्यंत तो खाली पायथ्याशी असतो.

बोल्टच्या हँगरमधून किंवा स्लिंगमधून रोप थेट ओवून कुणालाही खाली सोडू नका. हँगरची पत्र्याची धार शीथ कापते. स्लिंगवर तर नायलॉनवर नायलॉन घासतो. नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतो, आणि सरकत्या रोपखाली एका जागी अडकलेली स्लिंग तेवढी तापायला वेळ लागत नाही. मधे कॅरॅबिनर हवाच, आणि त्याला खोल खाच पडलेली नसावी. रॅपलिंगही सावकाश करा. सिनेमातल्यासारख्या उड्यांनी डिव्हाइस तापतं आणि शीथवर चकचकीत, कडक डाग पडतात.

रोपवर पाय देऊ नका. तुमच्या वजनापेक्षा बुटाखालचे खडे वाईट. ते विणीत घुसतात. फॉल झाल्यावर पाच-दहा मिनिटं रोपला सावरायला द्या, आणि एकाच अवघड जागी पुन्हा पुन्हा पडत असाल तर टोकं बदलून बांधा. दर चढाईच्या दिवशीही टोक बदला, झीज दोन्हीकडे वाटली जाते.

पायरी १०: धुणं आणि ठेवणं

हाताला काळं-तांबडं लागायला लागलं की रोप धुवायची वेळ झाली. तीस अंशांपर्यंतचं कोमट पाणी, अंगाचा सौम्य साबण, आणि मऊ ब्रश. धुण्याची पावडर, ब्लीच नको. बालदी निवडताना नीट पाहा: न्हाणीघरातल्या ज्या बालदीत फरशी धुण्याचं ॲसिड कालवलं जातं, ती रोपला अजिबात नको. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून, पिळून न काढता, सावलीत दोरीवर सैल टांगून दोन-तीन दिवस वाळवा. गच्चीवरच्या उन्हात नको. अतिनील किरणांनी नायलॉन ठिसूळ होतो. पावसाळ्याआधी शेवटचं धुणं करून पंख्याखाली पूर्ण कोरडा करा आणि कापडी पिशवीत, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी, स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीत सुट्या बॅटरीबरोबर कधीच नको. ॲसिडच्या वाफेनेसुद्धा नायलॉन आतून खराब होतो आणि वरून काहीच दिसत नाही.

पायरी ११: कधी कापायचा, कधी काढायचा

दर वेळी रोप ढिगात सोडताना तो बोटांतून जाऊ द्या, डोळे मिटून केलं तरी चालेल. तीन गोष्टी बोटांना कळतात: मऊ खड्डा, कडक गाठ, आणि जिथे रोप अचानक चपटा लागतो ती जागा. शंका आली की त्या जागेवर रोप दुमडून दोन बोटांत चिमटीत धरा. धडधाकट रोप दुमडल्यावरही मधे गोल वळण ठेवतो, एक छोटं भोक दिसतं. कोर दुखावलेला असेल तर रोप कागदासारखा चपटा मिटतो, भोक राहत नाही. एवढं दिसलं की ती जागा बाद.

शीथवर नुसती लव आली तर घाबरू नका, ती उलट खालच्या धाग्यांना राखते. लव इतकी वाढली की विणीची नक्षी ओळखू येईना, तर त्या भागावर लक्ष ठेवा. आतला पांढरा कोर दिसला की चढाई तिथेच संपवा.

बिघाड टोकापासून तीन-चार मीटरच्या आत असेल तर कापून भागतं. कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळा, धारदार पात्याने टेपच्या मधोमध कापा, आणि तोंड मेणबत्तीवर वितळवून थंड होऊ द्या. मग दुसऱ्या टोकाकडूनही तेवढंच कापा. नाहीतर मधली खूण मधे राहत नाही, आणि रॅपलिंगला रोप अर्ध्यावर घेताना एक बाजू आखूड पडते. ६० मधून दोन्हीकडे दोन-दोन मीटर गेले तर उरले ५६. मार्गाची मर्यादा आता २८ नाही, २६ मीटर. नवी लांबी टेपवर आणि वहीत लिहा.

बिघाड मधोमध असेल तर दोन तुकडे करून वॉलवर टॉप रोपला वापरता येतात, बाकी भाग तपासून चांगला निघाला तरच. वयाचं म्हणाल तर महिन्यातून एकदा वापरलेला रोप पाचेक वर्षं, महिन्यातून काही वेळा वापरलेला तीनेक वर्षं, दर आठवड्याला वापरलेला वर्षभर, असा कंपन्यांचा साधारण अंदाज असतो. धारेवर झालेला एकच वाईट फॉल, फॅक्टर १ च्या वरचा झटका किंवा ॲसिडची शंका यांपैकी काहीही घडलं तर नवाकोरा रोपही त्याच दिवशी काढून टाका.

काढलेला रोप अख्खा ठेवू नका आणि कुणा नवख्याला "सरावाला घे" म्हणून देऊ नका. दोन-दोन मीटरचे तुकडे करा. गाठी शिकायला, सामान बांधायला, कपडे वाळत घालायला ते वर्षानुवर्षं कामी येतात, आणि त्यांवर चुकूनही कुणी चढू शकत नाही.